मान पुन्हा पुन्हा धरत असेल, तर एकदा दात तपासा

मान धरते, शेक आणि आठ-दहा दिवसांच्या उपचारांनी सुटते, आणि तीन-चार आठवड्यांनी नेमकी त्याच जागी, त्याच बाजूला पुन्हा धरते. पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना ही तक्रार मला सतत ऐकायला मिळते, आणि ती घेऊन येणाऱ्यांनी नेहमीचे उपाय आधीच करून पाहिलेले असतात. उशी बदललेली असते, संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणलेला असतो, एमआरआय काढून झालेला असतो आणि त्याच्या अहवालात ‘डिस्क थोडी दबली आहे’ असे वाचून मनात भीती बसलेली असते. वास्तविक मणक्यांची अशी झीज वाढत्या वयाबरोबर ज्यांची मान मुळीच दुखत नाही अशा माणसांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसते, त्यामुळे केवळ त्या एका ओळीवरून दुखण्याचे कारण सापडले असे मानता येत नाही. एवढे सगळे करूनही ज्यांचे दुखणे परत येते, त्यांनी बहुधा न तपासलेली एक जागा मला दाखवायची आहे. ती जागा म्हणजे जबडा, आणि तपासायची सवय म्हणजे काहीही खात नसताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकवून ठेवण्याची.

आरंभीच एक मर्यादा स्पष्ट करते. प्रत्येक मानदुखीचे मूळ जबड्यात नसते, आणि जबडा सैल सोडल्याने दबलेली नस मोकळी होत नाही. परंतु ज्यांना कवटीच्या तळाशी, मानगुटीत आणि कानामागे सतत ओढ जाणवते, ज्यांचे दुखणे कामाच्या ताणाबरोबर वाढते आणि सुटीत उतरते, त्यांच्यापैकी अनेकांत जबडा आणि मान जोडीने दुखतात. जबड्याच्या सांध्याचे किंवा स्नायूंचे विकार असलेल्यांमध्ये मानदुखीचे प्रमाण अधिक असते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. आधी कोणते आणि नंतर कोणते, याचा निवाडा मात्र सरसकट करता येत नाही. मान बिघडली म्हणून जबडा आवळला जातो आणि जबडा आवळला जातो म्हणून मान बिघडते, असे दोन्ही बाजूंनी घडते. उपचाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, एकच टोक सैल केले तर दुसरे टोक त्याला पुन्हा ओढून आणते.

हे मला स्वतःला उशिरा कळले. सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत दिवसाचे दहा-अकरा तास बसून राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा वर्षभरात तीन वेळा माझ्याकडे आला. उजवी मान, खांद्याचा उतार आणि कानशील अशी त्याच्या दुखण्याची रेघ ठरलेली होती. पहिल्या दोन्ही वेळी मी फक्त मानेचे उपचार केले, त्याला बरे वाटले, आणि तो परत आला. तिसऱ्या वेळी मी त्याला उताणे झोपवून मानेच्या आतल्या स्नायूंचा व्यायाम पुन्हा शिकवत होते. हनुवटी हलकेच छातीकडे वळवायची, एवढीच लहानशी हालचाल असते. ती करताना त्याच्या कानाच्या पाळीखाली, गालाच्या मागच्या भागात, सुपारीएवढी गाठ वर येताना मला दिसली.

मी विचारले, “दात आवळले आहेस का?”

तो म्हणाला, “नाही मॅडम, तोंड तर नुसते मिटलेले आहे.”

तो खरेच बोलत होता. तोंड मिटलेले असणे आणि दात टेकलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि दोन वेळा संधी मिळूनही मी ते सांगितले नव्हते. ज्या आतल्या स्नायूंसाठी तो व्यायाम होता, त्यांच्याऐवजी जबडा आवळून आणि गळ्याचे वरवरचे स्नायू ताणून तो हालचाल उरकत होता. म्हणजे मी दिलेला व्यायाम घरी मनापासून करताना तो रोज त्याच सवयीला बळ देत होता. तेव्हापासून मानेच्या रुग्णाच्या गालावर बोटे ठेवल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मी मानत नाही.

दात आवळले की मानेत काय होते

खालचा जबडा कवटीला दोन सांध्यांनी टांगलेला आहे आणि ती कवटी मानेच्या मणक्यांवर तोललेली आहे. सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके स्थिर धरल्याशिवाय जबड्याला जोर लावता येत नाही. त्यामुळे आपण दात आवळतो त्याच वेळी मानेचे स्नायूही आपोआप घट्ट होतात, आणि स्नायूंतील विद्युत हालचाल मोजणाऱ्या ईएमजी चाचणीत हे स्पष्ट दिसते. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस जबडा आणि डोके यांच्या हालचाली एकाच वेळी मोजल्या, तेव्हा तोंड उघडताना डोके किंचित मागे जाते आणि मिटताना पुढे येते, म्हणजे ही दोन्ही कामे मेंदू एकत्रच घडवतो, असे त्यांना आढळले. भाकरीचा घास तोंडाशी नेताना स्वतःकडे नीट लक्ष दिले, तर ही छोटीशी हालचाल आपल्यालाही जाणवेल. घास घेताना तिचा काही त्रास नाही, कारण ती क्षणात संपते. दुपारी दोनपासून सातपर्यंत दात टेकलेलेच राहिले, तर मानेला मात्र तेवढा वेळ विश्रांती मिळत नाही.

दुसरा दुवा मज्जातंतूंचा आहे. चेहरा, दात आणि जबडा यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूतून जातात. त्याचे वेदना वाहून नेणारे धागे मेंदूच्या तळापासून खाली मज्जारज्जूच्या मानेतील वरच्या भागापर्यंत उतरतात, आणि मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंमधून येणाऱ्या संवेदनाही तेथेच, त्याच पेशींवर येऊन पोहोचतात. दोन गल्ल्यांची टपाले एकाच पेटीत पडावीत तसे होते, आणि वेदना नेमकी कोठून आली हे मेंदूला नीट ओळखता येत नाही. म्हणून मानेतील गाठ कपाळात किंवा डोळ्यामागे दुखते, खांद्याच्या वरच्या स्नायूतील दुखणे कानशिलापर्यंत चढते, आणि गालातील स्नायूचे दुखणे कानात किंवा चांगल्या दाढेत जाणवते. दाढ काढूनही न थांबलेले दुखणे घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आजही हळहळ वाटते.

कानाचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करते. जबडा आणि कान यांचे नाते वैद्यकात ठळकपणे मांडणारे जेम्स कॉस्टेन हे अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. त्यांनी १९३४ साली कानात दडा बसणे, आवाज येणे आणि जबड्याभोवतीचे दुखणे ही लक्षणे एकत्र नोंदवली. दाढा पडल्यामुळे जबडा मागे सरकून मज्जातंतू दाबला जातो, हे त्यांनी दिलेले कारण पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी नाकारले, पण लक्षणांची नोंद खरी होती. आजही ‘कानात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, पण कानाचे डॉक्टर कान स्वच्छ आहे म्हणतात’ हे वाक्य मानेच्या रुग्णाकडून ऐकले की मी आधी जबड्याकडे वळते.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली एक साधी गोष्ट. निवांत अवस्थेत ओठ मिटलेले असले तरी वरच्या आणि खालच्या दातांमध्ये साधारण दोन ते चार मिलिमीटरची फट असायला हवी. चावणे आणि गिळणे धरूनही चोवीस तासांत दात प्रत्यक्ष एकमेकांना भिडण्याचा एकूण वेळ सामान्यतः अर्ध्या तासाच्या आतच भरतो. उरलेला सर्व वेळ ते सुटे असावेत अशीच जबड्याची रचना आहे. अनेकांना वाटते की करकचून आवळले तरच नुकसान होते, पण नुसते हलकेसे टेकवून ठेवल्यानेही स्नायू तासन्‌तास थोडेसे आखडलेले राहतात आणि हळूहळू थकतात. असे हलके टेकवणे दुखत नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

आपल्याला ही सवय आहे का, हे कसे ओळखावे

हे वाचताना आहात तसेच थांबा आणि दात कुठे आहेत ते पाहा. टेकलेले असतील तर लगेच निष्कर्ष काढू नका, कारण एका क्षणाच्या तपासणीला फारसा अर्थ नसतो. एक छोटी वही घ्या किंवा मोबाइलवर ठरावीक अंतराने वाजणारी आठवण लावा, आणि आठवडाभर, दिवसातून दहा-बारा वेळा, फक्त एवढेच लिहा की त्या क्षणी दात टेकलेले होते की सुटे, आणि आपण काय करत होता. सवय सुधारण्याचा प्रयत्न या आठवड्यात मुद्दाम करू नका. आधी खरे चित्र दिसू द्या. निम्म्याहून अधिक वेळा दात टेकलेले आढळले, आणि विशेषतः ते एखाद्याच कामाच्या वेळी आढळले, तर धागा हाती लागला असे समजा.

त्यानंतर बोटांची तपासणी करा. दोन्ही हातांची दोन-दोन बोटे कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यापाशी ठेवून दात एकदा आवळा आणि सोडा. बोटांखाली फुगून येणारा जाड पट्टा म्हणजे मॅसेटर हा चावण्याचा स्नायू. तीच बोटे कानशिलावर ठेवली तर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस हा चावण्याचा दुसरा स्नायू हलताना जाणवेल. आता बोटे कवटीच्या तळाशी, मानगुटीच्या दोन्ही बाजूंना ठेवून पुन्हा आवळा. तेथेही हलकीशी ओढ जाणवली, आणि तीच जागा आपली नेहमीची दुखरी जागा असेल, तर या नात्याचा अनुभव आपल्याच बोटांना आला. आरशात जिभेच्या कडांवर दातांच्या खुणा, गालाच्या आत दातांच्या रेषेत उमटलेली पांढरी रेघ, झिजून सपाट झालेली टोके दिसतात का तेही पाहावे. या खुणा पूरक आहेत. एकट्या जिभेवरच्या खुणांवरून काहीच सिद्ध होत नाही.

शेवटी तोंड किती उघडते ते पाहावे. आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये सहज बसायला हवीत. बसत नसतील तर आपल्या भागात आणखी एक प्रश्न विचारणे मला अत्यावश्यक वाटते, तो म्हणजे सुपारी, मावा किंवा गुटखा खाण्याचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सवयी गेलेल्या नाहीत. सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर ताठर होत जाते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते, आणि या विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तिखट लागले की तोंडाची आग होत असेल आणि तोंड पूर्ण उघडत नसेल, तर मानेचे व्यायाम बाजूला ठेवून आधी दंतवैद्यांना तोंड दाखवावे.

आधी हे वगळा

पुढील लक्षणे असतील तर घरगुती प्रयोग करत बसू नये. श्रम केल्यावर जबडा, मान किंवा डावा हात दुखू लागणे, दम लागणे, घाम फुटणे ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात, आणि त्या वेळी थेट रुग्णालय गाठावे. हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, शर्टाची बटणे लावायला किंवा पेन धरायला अडखळणे ही मज्जारज्जूवर दाब असल्याची चिन्हे असू शकतात. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना कानशील दुखणे आणि चावताना जबडा थकून थांबावे लागणे, ही तीन एकत्र आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण ती कानशिलातील रक्तवाहिनीला दाह झाल्याची चिन्हे असू शकतात आणि त्या दाहात दृष्टी जाण्याचा धोका असतो. अपघातानंतरचे दुखणे, ताप आणि वजन घटणे यांसह असलेले दुखणे, आणि पूर्वी कधीच झाले नव्हते असे अचानक उठलेले तीव्र मानदुखणे हेही याच गटातले.

त्याच्याच जोडीला एक कळकळीची विनंती. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून घेण्याची पद्धत अजून चालू आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला अशा झटक्याने चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. क्षणभर मोकळे वाटण्यासाठी एवढी जोखीम कोणीही घेऊ नये.

सवय कोणत्या प्रसंगांना चिकटलेली आहे

वहीतील नोंदी वाचल्या की प्रत्येकाचे प्रसंग वेगळे निघतात, आणि माझ्या अनुभवात खरे निदान येथेच होते. पुण्यात सर्वांत जास्त वेळा निघणारा प्रसंग दुचाकीचा आहे. सिंहगड रस्त्यावरून किंवा हिंजवडीच्या दिशेने सकाळ-संध्याकाळ तास-तासभर गाडी चालवणारे लोक खड्डा, ब्रेक आणि शेजारून घुसणारी गाडी या प्रत्येक क्षणी दात आवळतात, आणि सिग्नल हिरवा झाला तरी जबडा सोडायचा राहून जातो. हेल्मेट गालांवर फार घट्ट असेल, किंवा धुळीपासून बचावासाठी स्कार्फ हनुवटीखालून करकचून बांधला असेल, तर दातांमधली फट ठेवायला जागाच उरत नाही. हेल्मेट काढण्याचा तर प्रश्नच नाही. ते योग्य मापाचे घ्यावे, पट्टा लावल्यावर दात सुटे ठेवून ‘न’ म्हणता येतो का ते पाहावे, आणि स्कार्फ हनुवटीवर आवळण्याऐवजी सैल गुंडाळावा.

दुसरा प्रसंग एकाग्रतेचा. अभ्यासिकेतील विद्यार्थी, संगणकावर चुका शोधणारे अभियंते, सुईत दोरा ओवणाऱ्या किंवा बारीक भरतकाम करणाऱ्या स्त्रिया, हिशेबनीस, सगळे जण बारीक काम आले की श्वास धरतात आणि दात टेकवतात. मान पुढे काढून पडद्यात डोकावणे त्याच वेळी घडते, कारण लक्ष एकाच जागी खिळलेले असते. ‘मान मोडून काम करणे’ आणि ‘दात-ओठ खाणे’ हे आपल्या भाषेतले दोन वेगळे वाक्प्रचार असले, तरी शरीरात त्यांची गाठ पडते.

गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, तेव्हा आणखी एक नमुना दिसतो. कमरेला बांधलेला जड ढोल, वर उचललेले खांदे आणि ठेक्याबरोबर आवळलेले दात, या तिन्हींमुळे सरावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तरुण मुलामुलींची मान धरते. त्यांना वादन बंद करायला सांगणे मला कधीच पटलेले नाही. दोन आवर्तनांच्या मध्ये जबडा सोडणे आणि खांदे खाली आणणे एवढे पथकातच एकमेकांना आठवण करून देता येते, आणि ते त्यांना जमते.

बाकीच्या सवयी थोडक्यात सांगते. दिवसभर च्युइंगम चघळणे, नखे आणि पेनचे टोपण चावणे, हनुवटी तळहातावर टेकवून वाचणे, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरणे, पालथे झोपून मान एका बाजूला वळवणे, या सगळ्या तपासाव्यात. एकाच बाजूने चावण्याची सवय मात्र बहुधा दुसऱ्या बाजूच्या किडलेल्या किंवा पडलेल्या दाढेमुळे लागते, आणि ती दाढ दुरुस्त केल्याशिवाय कितीही निश्चय केला तरी सुटत नाही.

सवय सोडवताना

‘दात आवळू नका’ असे स्वतःला बजावून उपयोग होत नाही, जबड्याला त्याऐवजी राहायला दुसरी जागा द्यावी लागते. ‘न’ हा वर्ण उच्चारा आणि शेवटी जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या. जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूच्या सुरुवातीला टेकलेले असेल, दात सुटे असतील, आणि आता ओठ नुसते एकमेकांवर आणा. श्वास नाकाने. हीच जबड्याची विसाव्याची जागा. जिभेने टाळूवर दाब द्यायचा नाही, कारण मग गळ्याचे स्नायू ताणले जातात आणि एक सवय जाऊन दुसरी लागते. नाक नेहमी चोंदलेले असेल तर ही स्थिती टिकणार नाही, आधी नाकाचा उपचार करावा.

ही स्थिती ज्या प्रसंगांत सवय चिकटली आहे त्या प्रसंगांशी बांधावी. दर सिग्नलला, फोन उचलण्यापूर्वी, ईमेल पाठवण्याचे बटण दाबताना, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, ‘न’ म्हणून एक लांब श्वास सोडावा आणि त्याबरोबर खांदे उतरू द्यावेत. संगणकाच्या कडेला एखादी छोटी रंगीत टिकली चिकटवून ठेवली तर ती दिसताच आठवण होते. पंधरा दिवसांनी टिकलीची जागा बदलावी, कारण डोळ्यांना तिची सवय होते.

व्यायामांपैकी दोनच सांगते, कारण जास्त दिले की कोणताच नीट होत नाही. पहिल्यात जीभ त्याच जागी टाळूला ठेवून, तोंड हळूहळू, जीभ न सुटेल इतकेच उघडायचे आणि मिटायचे. आरशात हनुवटी सरळ खाली जाते ना ते पाहायचे. जबडा आणि मान यांचा एकत्र विचार करणारे चिलीमधील फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांच्या पद्धतीत असे व्यायाम एका वेळी सहा वेळा आणि दिवसातून सहा वेळा करतात, म्हणजे थोडे पण वारंवार, आणि सवय मोडण्यासाठी हे प्रमाण मला योग्य वाटते. दुसरा व्यायाम मी वर सांगितलेला मानेचा. उताणे झोपून, डोके न उचलता, ‘हो’ म्हणताना मान हलते तेवढीच हनुवटी वळवायची, पाच ते दहा सेकंद धरायची, दहा वेळा. धरताना दात सुटे आणि श्वास चालू असला पाहिजे. एक बोट गालावर ठेवून करा, आणि बोटाखाली स्नायू फुगला की जोर जास्त होतो आहे असे समजून अर्ध्यावर आणा. मानेचे व्यायाम नियमित करूनही ज्यांना फरक पडत नाही, त्यांच्यात ही चूक मला इतक्या वेळा सापडली आहे की आधी तीच तपासावी.

दुखणे ताजे असताना गालावर आणि मानगुटीवर दहा-पंधरा मिनिटे कोमट शेक, आणि आठवडाभर ऊस, चिक्की, कडक भाकरीच्या कडा, भाजलेले हरभरे टाळून मऊ जेवण, एवढे पुरते. जांभई येताना हनुवटीखाली मुठीचा हलका आधार द्यावा. जबडा हाताने ताणून किंवा कडकड आवाज काढून मोकळा करू नये. नुसता ‘टक’ असा आवाज येतो, पण दुखत नाही आणि अडकत नाही, तर त्यावर उपचाराची गरज नसते. मानेचा पट्टा लावायचा असेल तर तो डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस लावावा. हनुवटीला खालून टेकणारा ताठ पट्टा जबडा बंद करून ठेवतो, हे अनेकदा ध्यानात येत नाही.

रात्रीचे दात खाणे वेगळे आहे

झोपेत दात खाणाऱ्या मुलाला जंत झाले आहेत असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते. ते कारण मानण्यासाठी पुरेसा पुरावा नाही, आणि मोठ्यांच्या बाबतीत तर हा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. झोपेतील दात खाणे झोपेत मेंदू क्षणभर जागृतीकडे सरकतो त्या वेळी घडते, त्यामुळे ते निश्चयाने थांबवता येत नाही, आणि त्याबद्दल स्वतःला दोषही देऊ नये. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, मद्य आणि धूम्रपान यांच्याशी त्याचा संबंध आढळतो, म्हणून तेवढे कमी करून पाहावे. घोरणे, रात्री श्वास अडकून जाग येणे आणि दिवसा झोप येणे हेही असेल, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. नैराश्यावरील काही गोळ्यांमुळेही दात आवळणे सुरू होऊ शकते. तसे वाटल्यास गोळी स्वतःहून बंद न करता ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.

दंतवैद्य दातांचे माप घेऊन रात्री दातांवर घालायची कठीण ॲक्रिलिकची पट्टी बनवून देतात. ती दातांची झीज वाचवते आणि काहींचे सकाळचे दुखणे कमी करते, पण ती दिवसाची सवय घालवत नाही, हे पैसे खर्च करण्यापूर्वी समजून घ्यावे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायची तयार पट्टी काहींना चघळायलाच लावते आणि जबडा आणखी थकतो. एका गोष्टीला मी ठाम विरोध करते. केवळ मानदुखी किंवा जबडादुखी थांबवण्यासाठी निरोगी दात घासून ‘चावा जुळवणे’ हा उपाय स्वीकारू नये, कारण त्याच्या उपयोगाला पुरेसा आधार नाही आणि घासलेला दात परत येत नाही.

असे करूनही फरक पडला नाही तर

पहिल्या दोन आठवड्यांत दुखणे जाण्याची अपेक्षा ठेवू नये. दात टेकलेले असल्याचे आधीपेक्षा लवकर लक्षात येऊ लागणे, ही पहिली प्रगती. सहा ते आठ आठवडे प्रामाणिकपणे करूनही वहीतील नोंदी सुधारल्या, पण मान तशीच राहिली, तर दुखण्याचे मूळ जबड्यात नाही असे मानून मानेची, खांद्याची आणि गरज पडल्यास दृष्टीची तपासणी करावी. वाढलेला चष्म्याचा नंबर आणि चुकीच्या उंचीवरचा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेतून लांबचे आणि जवळचे दाखवणारा) चष्मा हनुवटी वर करायला लावतो, आणि हे कारण चाळिशीनंतर वारंवार सापडते. उलट नोंदीच सुधारल्या नसतील, तर उपाय चुकला असे न समजता प्रसंग चुकीचा पकडला असे समजावे आणि वही पुन्हा वाचावी. त्या अभ्यासिकेतल्या मुलाचे असेच झाले होते. आम्ही वाचनाची वेळ धरून चाललो होतो, आणि त्याचे दात मात्र सराव परीक्षेची गुणतालिका उघडण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात, आणि घरी वडिलांना फोन करण्यापूर्वी सर्वांत जास्त आवळले जात होते. ते कळल्यावर व्यायामाइतकाच वेळ आम्ही त्या फोनविषयी बोलण्यात घालवला, आणि पुढचे काही महिने त्याची मान धरली नाही. मन आणि दुखणे यांचा असा संबंध निघाला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, आणि समुपदेशकाची मदत घेणे हाही उपचाराचाच भाग आहे.

तोंड उघडताना जबडा अडकत असेल, चावताना कानासमोर तीव्र कळ येत असेल किंवा दात तुटू लागले असतील, तर दंतवैद्यकाच्या बाजूने तपासणी हवी. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर धनकवडीतील भारती विद्यापीठ, वडगाव बुद्रुक येथील सिंहगड किंवा कॅम्पमधील आझम कॅम्पसमधील रंगूनवाला यांसारख्या दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात जाता येते. तेथे नुसती ‘दाढ दुखते’ अशी नोंद न करता, मान आणि जबडा दोन्ही दुखतात आणि जबड्याचा सांधा तपासायचा आहे, असे स्पष्ट सांगून मुखवैद्यक (ओरल मेडिसिन) विभागाकडे पाठवण्याची विनंती करावी. मानेचे जुने अहवाल, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे आणि ती आठवड्याची वही सोबत न्यावी, कारण दात दिवसातून किती वेळा आणि कशाच्या वेळी आवळले जातात हे तिथे विचारले जाईल, आणि आठवणीतून त्याचे नेमके उत्तर देणे अवघड असते.